वळूची पारख

सातारा, सांगली आणि सोलापूर या जिल्ह्यांच्या सीमेवरचा माणदेश हा कोरड्या माळांचा आणि खिलार जनावरांचा मुलूख. आजोबांना वळूची पारख होती. आसपासच्या गावांतून त्यांना बोलावणे येई. लोकांची नजर शिंगांच्या डौलावर आणि भरल्या वशिंडावर ठरे. आजोबा मात्र म्हणत, "चालवून दावा." मग ते मागे उभे राहून धुळीतल्या खुणा न्याहाळीत. मागचा खूर पुढच्या खुराच्या ठशात पडला पाहिजे. छाती रुंद, पाठ सरळ हवी आणि मागच्या पायांचे सांधे आत वळता कामा नयेत.

आमच्या चंद्रीचा खोंड आजोबांनी तळहाताच्या फोडासारखा वाढवला. तो वळू व्हावा, असे साऱ्या गावाला वाटे. एका सकाळी त्यांनी त्याला दोनदा चालवून पाहिले आणि न बोलता ते सोप्यात येऊन बसले. पुढे तो खच्ची होऊन औताला लागला. मी रडलो, तेव्हा म्हणाले, "पोरा, बैलाची खोड बैलासंगं जाती. वळूची गावाच्या गोठ्यात ऱ्हाती."

आता वळूचे वीर्य द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंश सेल्सिअसला साठवतात. एकाच वळूची संतती हजारो गोठ्यांत पोचते आणि गाईच्या धन्याला तो वळू सहसा दिसतही नाही. निवडणाऱ्याची जबाबदारी त्यामुळे वाढलीच आहे.

पारख हे डोळ्यांचे काम, असे मला तेव्हा वाटे. त्या सकाळी सोप्यात बसलेल्या आजोबांचे हात थरथरत होते, हे आता आठवते.