खंड्याच्या विटा

महाडच्या आमच्या घरामागे थोडी मोकळी जागा आहे. तेथे लहानशी बाग करावी, मधून विटांची पायवाट काढावी आणि घरातील प्रत्येकाने एकेका विटेवर आमच्या खंड्याविषयी दोन शब्द कोरावेत, ही कल्पना माझ्या पुतणीची. ती सर्वांनी उचलून धरली. मी तेवढा गप्प राहिलो.

खंड्या गावठी कुत्रा होता. रंग तांबूस, एक कान मोडलेला, आणि पोस्टमनशी त्याचे काही जुने वैर असावे. रात्री-अपरात्री भुंकून तो शेजाऱ्यांची झोपमोड करी, म्हणून निजण्यापूर्वी मी त्याला परसातल्या खांबाला साखळीने बांधीत असे. २१ जुलै २०२१ च्या रात्रीही बांधला. पाऊस कोसळत होता. पण महाडच्या माणसाला पावसाचे नवल ते काय? सावित्री आणि गांधारी यांचे पाणी उंबऱ्याशी आल्यावर आम्ही जागे झालो. देव उचलले, दस्तऐवजांची पेटी उचलली, तांदळाचा डबादेखील उचलला आणि माडीवर गेलो. साखळीची आठवण मला तेथे झाली. तोवर जिन्याच्या निम्म्या पायऱ्या बुडाल्या होत्या. तो भुंकत होता, आणि पुढे भुंकेनासा झाला.

दुसऱ्या दिवशी, २२ जुलैला, तालुक्यातल्या तळिये गावावर डोंगर कोसळला. ऐंशीहून अधिक माणसे त्याखाली गेली. पोलादपुराकडेही दरडींनी माणसांचे बळी घेतले. अशा दिवसांत ‘आमचा कुत्रा गेला’ असे कोणत्या तोंडाने सांगावे? पाणी ओसरल्यावर त्याला प्राजक्ताखाली पुरला आणि घरातला चिखल उपसण्याच्या कामाला लागलो. त्या रात्रीविषयी मी पुढे कोणाशी बोललो नाही आणि मला कोणी विचारलेही नाही. घरच्यांचे ते न विचारणेच मला अधिक जड झाले.

पुतणीचा बेत ठरल्यावर मी एकटाच रायगडी जाऊन आलो. महाराजांच्या समाधीजवळ वाघ्याचा पुतळा उंच चौथऱ्यावर बसवलेला आहे. इंदूरच्या होळकरांच्या देणगीतून १९३६ साली तो उभा राहिला. १६८० साली महाराजांच्या चितेत त्याने उडी घेतली अशी कथा आहे. समकालीन कागदांत तिला आधार मिळत नाही, आणि म्हणून हे स्मारक हलवावे अशी मागणी संभाजीराजे छत्रपती यांनी मार्च २०२५ मध्ये मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून केली. पुरावा मागणाऱ्यांना मी दोष देणार नाही. इतिहासाला पुरावा लागतोच. कर्नाटकात आतकूर येथे दहाव्या शतकातला एक शिलालेख सापडला आहे. रानडुकराशी झुंजून मेलेल्या काळी नावाच्या शिकारी कुत्र्याची हकीकत त्यात कोरलेली आहे. तेथे वादाला जागाच नाही. तरीही वाघ्यासमोर उभे असताना माझ्या मनात जे आले ते इतिहासाचे नव्हते. कुत्र्याने माणसासाठी देह टाकला, की त्याला आपण चौथऱ्यावर बसवतो. माणसाच्या विसराळूपणाने जो मेला, त्याच्या विटेवर काय घालावे?

उतरण्यापूर्वी जगदीश्वराच्या देवळाशी थांबलो. गडाचे बांधकाम करणाऱ्या हिरोजी इंदुलकराने आपले नाव तेथे पायरीच्या दगडावर घातले आहे. आपण सेवेस तत्पर आहोत, एवढेच तो सांगतो. येणाऱ्या-जाणाऱ्याचा पाय त्या अक्षरांवर पडतो. बराच वेळ मी ती पायरी पाहत उभा होतो.

घरी परतल्यावर पोलादपूरहून आलेल्या आक्कांना बेत कळला. त्या म्हणाल्या, “अरे, खंड्याला का वाचता येत होते? ज्याला वाचायचे आहे त्याच्यासाठी लिही.” आक्कांचे बोलणे नेहमी असेच, त्यात माया किती आणि टोचणी किती, हे पन्नास वर्षांत मला कळलेले नाही.

भट्टीवाल्याकडेही जाऊन आलो. भाजलेल्या विटेवर कोरू नका, तिचा टवका उडतो, असे तो म्हणाला. वीट कच्ची आणि ओलसर असतानाच खिळ्याने खोल अक्षर काढायचे, मग सावलीत सुकवून भाजायची. सुकताना आणि भाजताना माती आकसते, अक्षरही लहान होते, तेव्हा थोडकेच लिहा. आमच्याकडच्या पावसात उथळ अक्षर फार काळ टिकणार नाही, असेही त्याने बजावले.

मुलांनी आपापले शब्द कागदावर लिहून ठेवले आहेत. एकाने नुसता मोडका कान काढला आहे, आणि तो हुबेहूब साधला आहे. पुतणीने माझ्यासाठी सर्वांत पुढची, फाटकाजवळची वीट राखली. ती मी नको म्हटली. खांबाजवळची मागून घेतली. कारण विचारले, तेव्हा त्या रात्री साखळी मीच बांधली होती आणि सोडायला मीच विसरलो, हे मी चार वर्षांनी प्रथमच सर्वांसमक्ष बोललो. कोणी काही म्हणाले नाही. सौभाग्यवतीने पुढ्यात चहा आणून ठेवला.

भट्टी दिवाळीनंतर लागेल. माझा कागद अजून कोरा आहे.