रानाचा व्हिडीओ
परदेशात शिकारीचे व्हिडीओ करून माणसं पोट भरतात, हे पुतण्यानं मला मोबाईलवर दाखवलं. म्हणला, "तात्या, आपल्या रानात बी ससे, तितरं हायतच की."

म्हणलं, "लेकरा, 1972 सालापासून वन्यजीवाचा कायदा हाय. ससा मारला तर गुन्हा. व्हिडीओ टाकलास तर पुरावा बी तूच दिलास."

यूट्यूबचा हिशेब त्यानंच सांगितला. 1000 सदस्य अन् वर्षात 4000 तास लोकांनी बघितल्याबिगर जाहिरातीच्या पैशात वाटा मिळत नाही. म्हणजे कोरडवाहूसारखंच, आधी पेरायचं, मग आभाळाकडं बघायचं.

मारलेला ससा एकदाच दाखवता येतो. जितं रान दर नक्षत्राला नवं दिसतं. आपल्या चाकूर तालुक्यातलं वडवळ नागनाथचं बेट तर औषधी वनस्पतींसाठी नावाजलेलं. आता पुतण्या त्या झाडपाल्याचे, ज्वारीत शिरणाऱ्या हरणांचे व्हिडीओ काढूलालाय. अजून रुपया आला नाही. घर सोयाबीनवरच चालतं.

मी एकच अट घातलीय. तितर भुईवर अंडी घालतं. ते दाखव, पण जागा सांगू नको. फासे लावणारे बी मोबाईल बघतात.