सत्तर पानांचा एक पुडा

अहो, तेंदूच्या एका पानामागे केवढं अर्थशास्त्र आहे! मे महिन्यात गोंदिया जिल्ह्यातल्या सडक अर्जुनी तालुक्यात गेले आणि शेंडा गावाकडच्या जंगलपट्ट्यात पहिल्यांदा तेंदूची फळी, म्हणजे पान गोळा करून वाळवायची जागा, पाहिली. पहाटे जंगलात गेलेल्या बाया परतल्या होत्या आणि अख्खं घर ओसरीत पुडे बांधायला बसलं होतं. आजी, सून, सुट्टी लागलेली पोरं, सगळेच. "सत्तर पानाचा एक पुडा जी, एक पान कमी नाही," एक मावशी म्हणाल्या. असे हजार पुडे म्हणजे एक प्रमाण गोणी. सत्तर हजार पानं! एकेक हाताने तोडलेलं, जुळवलेलं, मग फळीवर उन्हात वाळवलेलं.

जैवअर्थव्यवस्था म्हटलं की मला इथेनॉलचे कारखाने आठवायचे. केंद्राने 2024 मध्ये बायोई-थ्री धोरण मंजूर केलं, तेव्हाही प्रयोगशाळाच डोळ्यांपुढे आल्या. इथे तर ही जैवअर्थव्यवस्था पिढ्यान्‌पिढ्या अंगणात नांदते आहे! मार्च-एप्रिलात मोहफूल, मेमध्ये तेंदू, मागोमाग टोरी, म्हणजे मोहाची बी, आणि तिचं तेल, शिवाय पळस-कुसुमावरची लाख. खरिपाच्या बियाण्या-खतासाठी रोकड येते ती बऱ्याच घरांत यातूनच.

पण मला खरं वेड लावलं ते मालकीच्या गोष्टीने. 1969 च्या कायद्याने तेंदूचा व्यापार सरकारच्या ताब्यात गेला. लिलाव वनखात्याचा, पान ठेकेदाराचं, तोडणाऱ्याला मजुरी आणि मागाहून बोनस. 2006 च्या वनहक्क कायद्याने तेंदू-मोहासारख्या गौण वनोपजाची मालकी वनहक्कधारकांना दिली, आणि सामूहिक वनहक्क मिळाला की जंगल राखण्याचा अधिकारही ग्रामसभेला. मग 2013 पासून गोंदिया जिल्ह्यातल्या काही ग्रामसभा नागपूरच्या विदर्भ निसर्ग संरक्षण संस्थेच्या मदतीने आपलं पान आपणच विकू लागल्या. कालपर्यंत मजुरीचा दर ऐकून घेणारं गाव निविदा उघडतं, भाव ठरवतं! हे ऐकताना माझ्या अंगावर काटा आला.

आणि जंगलाचं काय होतं ते बघा. कोवळं पान भरपूर फुटावं म्हणून जंगलाला आग लावायची वाईट चाल अनेक ठिकाणी होती. ठेकेदाराचा संबंध एका हंगामापुरता. गावाला पुढच्या वर्षीही त्याच झुडपाकडे जायचं असतं. म्हणून आग न लावता झुडपांची छाटणी होते, वणव्यावर पाळत राहते. ज्याच्या हाती हक्क, त्यालाच राखण परवडते, हे मला तिथे लख्ख दिसलं.

सगळं सोपं नाही. अवकाळी पाऊस आला की वाळत घातलेलं पान खराब होतं. खरेदीदार थोडे असले की भाव पडतो. शिवाय तेंदूची सगळी मदार त्याच्या पानात वळल्या जाणाऱ्या बिडीवर, आणि बिडी आरोग्याला घातकच. म्हणून माझा जीव मोहफुलात अडकलाय! 2021 मध्ये राज्य सरकारने त्याच्या साठवणुकीवरचे आणि वाहतुकीवरचे निर्बंध उठवले. आता गावात कोरडी गोदामं हवीत, म्हणजे हंगामात मातीमोल विकलं जाणारं फूल भाव येईपर्यंत थांबू शकेल.

बँकेत, सहकारात, कृषी महाविद्यालयात काम करणाऱ्या वाचकांनो, मेची वाट पाहू नका, फेब्रुवारीतच या. ग्रामसभांना खेळतं भांडवल आणि चोख हिशेब लिहिणारी माणसं तेव्हाच, हंगामाच्या तयारीला, लागतात.