चाळिसाव्यानंतरची ताजियत

माझा तरुण पुतण्या आत्महत्या करून गेला, तेव्हा तळोज्याच्या आमच्या मोहल्ल्यात पहिला प्रश्न कुजबुजत आला : जनाजाची नमाज होईल का? सहीह मुस्लिममध्ये हदीस आहे, अशा एका मय्यतीची नमाज पैगंबरांनी स्वतः पढवली नाही. एवढेच सगळ्यांना ठाऊक. इमाम अबू हनीफा आणि इमाम शाफई यांच्या मते मात्र जमातीने नमाज पढावी, हे फारसे कुणी सांगत नाही. आमच्या मौलानांनी सांगितले. नमाज झाली.

तरीही 'हार्ट फेल झाले म्हणा' हा सल्ला भाभीला मिळालाच. २०२२ साली महाराष्ट्रात २२,७४६ जणांनी आत्महत्या केली. त्यांत आपली मुले नव्हती काय? २०१७ चा मानसिक आरोग्य कायदासुद्धा असा प्रयत्न करणाऱ्याला शिक्षा नको, उपचार द्या म्हणतो. मग निकाल देणारे आपण कोण? तो अधिकार अल्लाहचा.

भाभीला सावरले ते बेलापूरच्या एका आईने. तिचाही मुलगा असाच गेलेला. ती रोज फोन करी, पुतण्याचे नाव घेऊन बोले. चाळिसाव्यानंतर येणारी पावले थांबतात; खरी ताजियत तिथून सुरू होते. आणि ज्याच्या मनात आज अंधार आहे, त्याने सरकारी टेलिमानसचा १४४१६ हा नंबर लावावा. पैसे पडत नाहीत.