लाल ओळ, हिरवी ओळ

आमच्या ऑफिसात येणाऱ्या नव्या मुलांना कोड लिहिता येतो, डिफ, म्हणजे फाइलीत काय बदललं ते दाखवणारा उतारा, वाचता येत नाही. कॉलेजात तो कुणी शिकवलेला नसतो. लाल ओळ म्हणजे गेली, हिरवी ओळ म्हणजे आली, एवढ्यावर त्यांचं भागतं आणि पहिल्याच रिव्ह्यूला गाडी अडते. मी सुरतेत कापडधंद्याचं सॉफ्टवेअर लिहितो: ग्रे मालाची खरेदी, मिलला गेलेले ताके, जॉब वर्कची चलानं, पार्टीची उधारी. या कामात स्वतः लिहिण्यापेक्षा दुसऱ्याने काय बदललं ते वाचण्यात माझा जास्त वेळ जातो, आणि मला ते वाचन मनापासून आवडतं.

मुलांना मी सगळ्यात आधी सांगतो की डिफमध्ये तुमचे कष्ट शोधू नका. तुम्ही कुठली ओळ आधी खोडली, कुठली दुसरीकडून उचलून आणली, हे गिटला, म्हणजे आमच्या कोडच्या आवृत्त्या जपणाऱ्या प्रोग्रामला, ठाऊक नसतं. लिनस टॉरव्हाल्ड्सने २००५ साली गिट लिहिलं तेव्हापासून त्याची रीत अशी की प्रत्येक कमिटला, म्हणजे बदल नोंदवण्याच्या प्रत्येक टप्प्याला, सगळ्या फाइलींचं त्या क्षणीचं पूर्ण रूप जपायचं. जागा वाचवायला ते आतल्या आत फाइली आवळून ठेवतं, पण त्या आवळण्याचा आणि पडद्यावरच्या लाल-हिरव्या ओळींचा संबंध नाही. तुम्ही डिफ मागता तेव्हा ते जुनं आणि नवं रूप समोर घेतं आणि एकातून दुसरं कसं झालं असावं याचा हिशेब त्याच वेळी मांडतं. पद्धत बदलली तर त्याच दोन फाइलींचा हिशेब वेगळा येऊ शकतो.

हे पटायला एक हंक, म्हणजे डिफमधला एक तुकडा, डोळ्यांसमोर ठेवावा लागतो. त्याच्या डोक्यावर असं काहीतरी असतं: @@ -४१,७ +४१,९ @@. जुन्या फाइलीतल्या ४१व्या ओळीपासून सात ओळी, नव्या फाइलीतल्या ४१व्या ओळीपासून नऊ ओळी. वर तीन आणि खाली तीन ओळी नुसत्या संदर्भासाठी असतात, म्हणजे इथे जुनी एक ओळ गेली आणि नव्या तीन आल्या. बहुतेक जण ही ओळ ओलांडून थेट रंगांकडे जातात. मी तिथे थांबतो. सात-नऊचा आकडा पाहिला की बदल केवढा आहे ते कळतं, आणि त्या ओळीच्या शेवटी गिट बहुधा फंक्शनचं नावही देतं, म्हणजे आपण कुठे उभे आहोत तेही समजतं.

सुरतेतल्याच डिंडोलीहून येणारा, खानदेशातल्या घरचा एक मुलगा आमच्याकडे नवा लागला होता. मिलमधून माल परत येतो तेव्हा मीटर कमी भरतात, त्या शॉर्टेजचा हिशेब करणाऱ्या फंक्शनखाली त्याने आणखी एक फंक्शन लिहिलं. डिफ उघडला तर जुन्या फंक्शनचा बंद होणारा महिरपी कंस हिरवा, आणि नव्या फंक्शनचा कंस मात्र जुनाच असल्यासारखा पांढरा. तो म्हणाला, "दादा, हा कंस मी टाकलाच नाही." खरं होतं. पण दोन्ही कंस एकसारखे. कुठला आधी होता आणि कुठला नंतर आला, हे फाइलींवरून कळायला मार्गच नाही. ओळींची संख्या दोन्ही बाजूंनी तितकीच भरते. म्हणून यंत्राने त्यातलं एक उत्तर निवडलं.

या निवडीचा इतिहास मोठा आहे. डग्लस मॅकिलरॉय यांचा डिफ हा प्रोग्राम बेल लॅब्जमध्ये तयार झाला आणि १९७४ च्या युनिक्सबरोबर बाहेर आला. दोन फाइलींत क्रम न मोडता जास्तीत जास्त ओळी सामाईक ठरवायच्या आणि उरलेल्या बदलल्या म्हणायच्या, ही त्यामागची कल्पना. जेम्स हंट आणि मॅकिलरॉय यांनी तिची रीत १९७६ मध्ये लिहून प्रसिद्ध केली. १९८६ मध्ये यूजीन मायर्स यांनी कमीत कमी खोडाखोडीत एका फाइलीतून दुसरीपर्यंत पोहोचण्याची झटपट वाट दाखवली, आणि गिट काही वेगळं सांगितलं नसेल तर आजही तीच वापरतं. पण सगळ्यात छोटी वाट माणसाच्या मनातली असेलच असं नाही. बिटटॉरंटवाल्या ब्रॅम कोहेन यांनी म्हणून 'पेशन्स' नावाची पद्धत काढली. दोन्ही फाइलींत एकेकदाच येणाऱ्या ओळी आधी जुळवायच्या, कारण कंसासारख्या सतराशे साठ ठिकाणी सापडणाऱ्या ओळींनी काहीच सिद्ध होत नाही. मला ही पद्धत फार समंजस वाटते. ओळींच्या समासावरून कुठे तोडायचं ते ठरवणारी युक्ती गिटमध्ये २०१६ ला आली आणि पुढच्या वर्षी मुळातच चालू झाली; तेव्हापासून कंसाच्या तक्रारी कमी झाल्या, पुऱ्या संपल्या नाहीत.

प्रती शेजारी ठेवून फरक शोधण्याचं हेच काम आपल्याकडे संगणकाच्या कितीतरी आधी, कितीतरी मोठ्या पसाऱ्यावर झालं आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीला १९१९ मध्ये हात घातला गेला आणि १९६६ मध्ये ती पुरी झाली. १,२५९ हस्तलिखितं धुंडाळली गेली. १९२५ पासून प्रमुख संपादक असलेल्या वि. सी. सुखटणकरांनी आपल्या प्रस्तावनेत कामाची रीत सांगितली आहे. आडव्या-उभ्या रेघा आखलेल्या कागदावर वरच्या रांगेत प्रचलित पाठाचा श्लोक एकेक अक्षर करून लिहायचा, आणि खाली प्रत्येक हस्तलिखिताला एक रांग देऊन, जिथे फरक असेल त्याच अक्षराखाली तो नोंदवायचा. त्यांच्याही हाती नुसत्या प्रती होत्या. कुठल्या लेखकाने, कधी, कशासाठी बदल केला हे कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं. ते फरकावरूनच ताडायचं होतं. पण त्यांनी एक गोष्ट केली जी आमच्या डिफला अजून जमलेली नाही. जिथे संपादकांची खात्री कमी होती तिथे छापील पाठाखाली त्यांनी नागमोडी रेघ दिली. डिफ आपला प्रत्येक अंदाज सारख्याच ठाम रंगात दाखवतो. ती नागमोडी रेघ वाचणाऱ्याने आपल्या मनात ओढायची असते.

यंत्र चुकतंय असं वाटावं आणि ते पूर्ण बरोबर असावं, असंही होतं, आणि मराठीत तर हमखास. उधना-पांडेसऱ्यातल्या कारखान्यांसाठी आम्ही कारागिरांची पगारपावती मराठीतही देतो. एकदा डिफमध्ये 'कर्मचाऱ्याचे नाव' ही ओळ लाल होती आणि तिच्याखाली हिरवी ओळ होती, तीही 'कर्मचाऱ्याचे नाव'. डोळे फाडून पाहिलं तरी फरक दिसेना. फरक 'ऱ्या'मध्ये होता. हा अर्धा र युनिकोडमध्ये एकाहून जास्त तऱ्हांनी लिहिता येतो: नुक्ता असलेला खास ऱ घेऊन त्याला हलन्त जोडायचा, किंवा साधा र, हलन्त आणि पुढे न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही एकच, फाइलीतले बाइट वेगळे. डिफ बाइट पाहतो. त्या लाल ओळीमुळेच आमच्या लक्षात आलं की शोधाच्या खिडकीत काही नावं का सापडत नाहीत. शब्दाच्या आतला फरक रंगवायला सांगितलं की आणखी एक अडचण येते. यंत्र एकेक चिन्ह मोजतं, तेव्हा अक्षर एका रंगात आणि त्याची मात्रा दुसऱ्या रंगात पडते. सुखटणकरांच्या कागदावर रकाना पूर्ण अक्षराचा होता, आणि देवनागरीसाठी तोच रकाना बरोबर आहे.

डिफ कारण सांगत नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये कापडावरचा जीएसटी १ जानेवारीपासून ५ वरून १२ टक्के होणार अशी अधिसूचना निघाली. सुरतेच्या बाजारात विरोध पेटला, आणि ३१ डिसेंबरला जीएसटी परिषदेने वाढ पुढे ढकलली. आमच्याकडे तो सगळा गदारोळ दोन कमिटमध्ये मावला: पहिल्यात ५ लाल, १२ हिरवा, दुसऱ्यात १२ लाल, ५ हिरवा. दोन्ही कमिटांसोबतच्या संदेशात अधिसूचना आणि परिषदेचा निर्णय तारखेसह लिहिलेला आहे म्हणून आज नवा माणूस ते वाचू शकतो. संदेश नसता तर कुणाचा तरी हात चुकला आणि मग सुधारला, असाच अर्थ निघाला असता. पोथ्यांचंही तेच. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. त्यांच्या हातून काय आणि का बदललं याची ओवीवार यादी आपल्याकडे असती तर अभ्यासकांचे केवढे श्रम वाचले असते.

प्रत्येक बदलाचं कारण वेगळं दिसायला हवं, म्हणून कोड नीटनेटका करण्याचा बदल आणि कामाचा बदल एकाच कमिटमध्ये घालणं मला मान्य नाही. पूर्ण फंक्शन समासापासून एक पायरी सरकवून आत एक अट बदलली की पानभर लाल-हिरवं होतं आणि ती अट त्यात बुडते. मोकळ्या जागांकडे दुर्लक्ष करायला गिटला सांगता येतं, हलवलेल्या ओळी वेगळ्या रंगात दाखवायलाही सांगता येतं, पण ती वाचणाऱ्याची धडपड झाली. लिहिणाऱ्याने ती वेळच येऊ देऊ नये.

आता सुरतेची एक गोष्ट. इथे गल्लोगल्ली एम्ब्रॉयडरीची मशिनं आहेत, आणि त्यांच्या डिझाइनच्या डीएसटी फाइली पंचिंगवाले बनवतात. अशी फाइल गिटमध्ये टाकून बदल विचारा, उत्तर येतं: बायनरी फाइली वेगळ्या आहेत. बस. कुठला बुट्टा बदलला, टाके कुठे वाढले, हे त्यातून कळत नाही. पण डीएसटीची रचना सोपी आहे. सुरुवातीला ५१२ बाइटचं मथळ्याचं पान, पुढे प्रत्येक टाक्याला तीन बाइट, आणि प्रत्येक टाका आधीच्या टाक्यापासून किती सरकायचं एवढंच सांगतो. त्यामुळे मध्ये चार टाके घातले तरी पुढचे टाके जसेच्या तसे राहतात. मायर्सची रीत जणू याचसाठी असावी! दाखवण्यापुरतं फाइलीचं मजकुरात रूपांतर करायची सोय गिटमध्ये आहेच. दर टाक्याची एक ओळ करून मी पाहिलं, आणि बदललेला बुट्टा हिरव्या ओळींत वेगळा दिसला. आकड्यांच्या ओळी पंचिंगवाल्याच्या कामाच्या नाहीत, त्याला त्या चित्रावर रंगवून हव्यात. तेवढं करायचं राहिलं आहे. सुरतेत मराठी मुलं दोन्हीकडे आहेत, पंचिंगच्या टेबलावरही आणि कोडच्या टेबलावरही. त्यांच्यापैकी कुणीतरी हे काम हाती घ्या. माझ्याकडून होईल ती मदत मी करीन.