दिल्लीचे सव्वादोन तास

कसबा पेठेत ज्या घरातलं कुणी नोकरी-शिक्षणासाठी दिल्लीला असतं, त्या घरात सव्वादोन तासांना मोठा मान. पुणे–दिल्ली विमानाच्या तिकिटावर ते छापलेले असतात. कधी पाच मिनिटं कमी, कधी पाच जास्त. स्वभावाने सरळ. जेवढं बोलतात, तेवढं पाळायला धडपडतात.

पोटात मात्र बरंच काही बाळगून असतात. लोहगावचा विमानतळ ते दिल्ली हवेतलं सरळ अंतर साधारण साडेअकराशे किलोमीटर. ताशी आठशेच्या वेगाने ते दीडेक तासात कापून व्हायला हवं. मग उरलेला पाऊण तास जातो कुठे? धावपट्टीपर्यंत सावकाश जाण्यात, वर चढण्यात, दिल्लीवर उतरायचा नंबर लागेपर्यंत घिरट्या घालण्यात. विमान जागचं हललं की यांची घटका सुरू, आणि पलीकडे जाऊन थांबलं की संपली. वाड्याचा जिना, तांबट आळीच्या तोंडाशी अडकलेली रिक्षा, विमानतळावरची तपासणीची रांग, यातलं काहीही ते आपल्या खात्यात धरत नाहीत. कसब्यापासून लोहगाव दहाएक किलोमीटर, पण संध्याकाळच्या गर्दीत त्याला तास लागू शकतो. विमानतळावर दोन तास आधी पोचायचं, म्हणजे उंबरठा ते उंबरठा सहा तास धरावेत.

म्हणून त्यांचं मोल कमी होत नाही. झेलम एक्स्प्रेसला हाच प्रवास करायला दिवसाहून जास्त लागतो. शनिवारवाडा इथून हाकेच्या अंतरावर. त्या वाड्यातले सदाशिवरावभाऊ पेशवे मार्च 1760 मध्ये पटदूरहून फौज घेऊन निघाले, तेव्हा दिल्ली गाठायला ऑगस्ट उजाडला होता.

आमच्या शेजारच्या आजींनी तर स्वयंपाक या सव्वादोन तासांशी जुळवून घेतलाय. नातवाचा ‘बसलो’ असा निरोप आला की डाळ भिजत घालायची. ‘उतरलो’ आला की कुकर चढवायचा. सामान ताब्यात घेऊन तो दारात येईपर्यंत आमटीला उकळी फुटलेली असते. एवढा नेमका अंदाज बांधता येतो, तो सव्वादोन तासांच्या जिवावरच.

त्यांनाही दुखणी आहेतच. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीला धुकं पडलं की त्यांचे कधी चार होतात, कधी सहा. लोहगावची धावपट्टी हवाई दलाची, तिच्या वेळा पाळाव्या लागतात. 2021 च्या ऑक्टोबरात धावपट्टीच्या कामासाठी विमानतळ चौदा दिवस बंद होता, तेव्हा दिल्लीला उडायचं तर मुंबई गाठावी लागली. नवं टर्मिनल 2024 च्या जुलैत सुरू झालं आणि आत ऐसपैस जागा मिळाली, पण धावपट्टी तीच राहिली. माझ्या मते पुण्याला आता पूर्ण नागरी विमानतळ हवाच. तो विषय वर्षानुवर्षं लांबणीवर पडणं शहराला शोभत नाही.

तोवर लोहगाव गाठायला जवळचा उपाय वापरावा. गणपतीच्या दिवसांत पेठेतले रस्ते बंद असतात, तेव्हा रिक्षावर विसंबू नका. कसबा पेठ स्थानकातून मेट्रो धरा, सिव्हिल कोर्टला गाडी बदला, रामवाडीला उतरा आणि तिथून रिक्षा करा.