तुमचं आयर्लंडमधलं गाव कुठलं?

जून २०१७ मध्ये लिओ वराडकर आयर्लंडचा पंतप्रधान झाला, तेव्हा आपल्याकडे त्याचं मूळ गाव शोधायला कुणाला फार डोकं खाजवावं लागलं नाही. आडनाव वराडकर, म्हणजे गाव वराड, तालुका मालवण. संपला विषय. डिसेंबर २०१९ मध्ये तो घरच्यांना घेऊन वराडला येऊनही गेला. आपल्या 'कर' ची ही गंमत आहे, आडनावातच पत्ता लिहिलेला.

आता हेच उलट करून बघा. मर्फी म्हटल्यावर गाव कुठलं? काही कळत नाही. आयर्लंडमधलं सगळ्यात सर्रास आडनाव आहे ते. आणि आयरिश घराण्याचा शोध घ्यायचा तर खरी चावी आडनाव नाहीच, गाव हीच आहे. ते कळेपर्यंत सगळं अडून राहतं.

हे ज्ञान मला होण्याचं कारण म्हणजे माझी भाची. ताई बरीच वर्षं बॉस्टनला आहे. भावोजी तिकडचेच, आयरिश वंशाचे. भाचीला शाळेसाठी वंशवृक्ष काढायचा होता. आईकडची बाजू आमच्या बाबांनी कुलवृत्तांताची पानं स्कॅन करून अर्ध्या तासात पाठवली, चांगल्या नऊ पिढ्या. वडिलांकडे तीन-चार चौकोन आणि मग नुसतंच 'आयर्लंड'. फोनवर मला म्हणते, "मामा, बाबांकडचे लोक काय बोटीतच जन्मले का रे?"

हसलो खरा, पण ताई हसत नव्हती. तिच्या सासूबाई ८३ वर्षांच्या आहेत आणि गेल्या वर्षापासून त्यांचं विसरणं वाढत चाललंय. त्यांचे आजोबा आयर्लंडहून आले, एवढंच घरात माहीत. "तू कॉम्प्युटरवाला ना, बघ काहीतरी," ताई म्हणाली. म्हणजे कामाला डेडलाइन होती, आणि ती शाळेची नव्हती.

शोधायला बसलं की पहिलं वाक्य कानावर पडतं ते हे, की आयर्लंडचे सगळे कागद जळाले. ३० जून १९२२. यादवी युद्धाची नुकती सुरुवात. डब्लिनच्या फोर कोर्ट्समध्ये सरकारी दफ्तरखाना होता, तिथे स्फोट झाला, आग लागली आणि शेकडो वर्षांचे कागद गेले. १८२१ ते १८५१ या चार जनगणनांची जवळजवळ सगळी पानं त्यात होती. अँग्लिकन चर्चच्या कितीतरी नोंदवह्याही तिथेच ठेवलेल्या. एकच प्रत, एकाच इमारतीत! बॅकअप नसलेला प्रॉडक्शन सर्व्हर उडाला की कसं होतं, ते आपल्या धंद्यातल्यांना वेगळं सांगायला नको.

पण सगळा दोष आगीच्या माथी मारता येत नाही. १८६१ आणि १८७१ च्या जनगणनेचे कागद सरकारनेच आधी नष्ट केले होते. १८८१ आणि १८९१ चे पहिल्या महायुद्धात रद्दी म्हणून लगद्याला गेले. १९२१ ला स्वातंत्र्ययुद्ध चालू होतं म्हणून जनगणनाच झाली नाही. त्यामुळे अखंड उरलेल्या सगळ्यात जुन्या दोनच, १९०१ आणि १९११. दोन्ही आयर्लंडच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने फुकट ऑनलाइन ठेवल्यात, घराघराचा फॉर्म जसाच्या तसा.

आणि जे फोर कोर्ट्समध्ये नव्हतंच ते वाचलं. जन्म-मृत्यू-विवाहाची सरकारी नोंद १ जानेवारी १८६४ पासून आहे (कॅथलिक सोडून इतरांचे विवाह १८४५ पासून). शंभर वर्षांपूर्वीचे जन्म, पंचाहत्तर वर्षांपूर्वीची लग्नं आणि पन्नास वर्षांपूर्वीचे मृत्यू आयरिशजीनिऑलॉजी या सरकारी साइटवर फुकट दिसतात. कॅथलिक चर्चच्या वह्या पाद्रीबुवांकडेच होत्या म्हणून तरल्या. साधारण १८८० पर्यंतच्या वह्यांचे फोटो आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने २०१५ मध्ये ऑनलाइन टाकले. शिवाय 'ग्रिफिथ्स व्हॅल्युएशन' आहे, १८४७ ते १८६४ मध्ये करासाठी केलेली जमीन आणि घरांची मोजणी. जमिनीचा तुकडा कसणारा कोण, मालक कोण, नकाशात कुठे, सगळं. आपल्या सातबाऱ्याचा लांबचा चुलतभाऊच म्हणा ना.

एवढा डेटा, मग अडतं कुठे? टाउनलँडवर.

टाउनलँड म्हणजे तिथला जमिनीचा सगळ्यात छोटा, नाव असलेला तुकडा. आपल्याकडे जिल्हा, तालुका, गाव, वाडी. तिकडे काउंटी, बॅरनी, पॅरिश, टाउनलँड. काउंट्या ३२, टाउनलँड ६० हजारांच्या वर. एकच नाव दहा ठिकाणी सापडतं. मूळ नावं आयरिश भाषेतली, १८२४ नंतर ब्रिटिश सर्वेक्षणाने ती इंग्रजी स्पेलिंगात बसवली. आडनावांचंही तेच. त्यातला 'ओ' कधी आहे, कधी गळलेला, सख्ख्या भावांची स्पेलिंगं वेगळी. तेव्हा एक्झॅक्ट मॅचचा नाद पहिल्या दिवशीच सोडा.

सुरुवात आपल्या टोकाकडून करायची. आयर्लंडमध्ये उडी मारायची घाई नको, ते बोटीतून उतरले तिथले कागद आधी. ताईने सासूबाईंचं कपाट उघडलं. जुन्या प्रार्थनापुस्तकात त्यांच्या आजोबांच्या अंत्यविधीच्या वेळी छापलेलं कार्ड निघालं, त्यावर जन्मस्थान 'काउंटी क्लेअर'. म्हणजे ३२ पैकी १ उरली. मग मॅसॅच्युसेट्स राज्यातली त्यांच्या लग्नाची नोंद काढली. तिथल्या नोंदीत नवऱ्याच्या आईवडिलांची नावं असतात, आईच्या माहेरच्या आडनावासकट. ही फार मोठी गोष्ट आहे. आजोबांचं नाव-आडनाव क्लेअरमध्ये ढिगाने. पण वडिलांचं नाव अधिक आईचं माहेरचं आडनाव ही जोडी घेतली की ती प्रायमरी कीसारखी काम करते.

सरकारी नोंदींत शोधताना एक लक्षात ठेवा. तिथे काउंटीने नाही, नोंदणी जिल्ह्याने शोधायचं, आणि हे जिल्हे काउंटीच्या सीमा मानत नाहीत. आम्हाला त्या नावाचे तीन जन्म सापडले, तीन वर्षांच्या आत. दोघांच्या आया वेगळ्या. तिसरा जुळला. १८७२. आणि 'जन्मस्थान' या रकान्यात वळणदार अक्षरात एकच शब्द होता, टाउनलँडचं नाव. रात्रीचा दीड वाजला होता. एका वाडीचं नाव वाचून मी खुर्चीतून उठून उभा राहिलो होतो, बायको म्हणाली काय झालं!

पुढचं भराभर झालं. चर्चची वही मिळाली. लॅटिनमध्ये, जेम्सचा जेकोबस झालेला. त्यात बाप्तिस्मा सरकारी जन्मतारखेच्या दोन आठवडे आधीचा! म्हणजे जन्मायच्या आधीच पोरगं चर्चमध्ये. भानगड अशी की उशिरा नोंद केली तर दंड होता, मग लोक जन्मतारीखच पुढे सरकवायचे. चर्चची तारीख खरी धरायची.

मग जनगणना. १९०१ मध्ये त्यांच्या आईचं वय ५४. १९११ मध्ये ७०! दहा वर्षांत सोळा वर्षांनी म्हातारी. हेही घरोघरी दिसतं. १९०९ पासून सत्तरी गाठलेल्या गरिबांना सरकारी पेन्शन मिळायला लागली आणि १८६४ च्या आधी जन्मलेल्यांकडे दाखला कुठला असणार? वयाची खात्री करायला म्हणून अधिकारी १८४१ आणि १८५१ च्या जनगणनेत त्यांचं घर शोधायचे आणि सापडलेला तपशील फॉर्मवर उतरवून ठेवायचे. मूळ जनगणना १९२२ ला जळाली, पण असे हजारो फॉर्म राहिले. म्हाताऱ्यांच्या पेन्शनने जळालेल्या कागदांचा थोडा बॅकअप करून ठेवला होता. अशाच इतस्ततः पडलेल्या नकला गोळा करून तो दफ्तरखाना डिजिटल रूपात पुन्हा उभारायचं काम डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजने हाती घेतलंय. आगीला शंभर वर्षं झाली तेव्हा, २०२२ मध्ये, 'व्हर्च्युअल रेकॉर्ड ट्रेझरी' या नावाने ते लोकांसाठी खुलं झालं.

१९११ च्या फॉर्ममध्ये विवाहित बाईला आणखी दोन आकडे विचारले होते. किती मुलं जिवंत जन्मली आणि आज किती हयात आहेत. या बाईंच्या पुढे होतं, ९ आणि ७. भाषा, आयरिश आणि इंग्रजी. वाचता येत नाही. घरात नवरा, एक मुलगा, एक मुलगी. बस्स. मी स्क्रीनकडे बघत बेरीज करत बसलो. सात हयात, दोन घरात. मग पाच कुठे? त्यातला एक कुठे होता ते मला माहीत होतं, बॉस्टनला. बाकी चार अजून शोधतोय. पण हा आकडा सांगताना तिने ते पाचही मोजले होते.

रविवारी व्हिडिओ कॉलवर सासूबाईंना नकाशा दाखवला. त्यांना मी कोण ते नीट आठवत नव्हतं. मी टाउनलँडचं नाव स्पेलिंगप्रमाणे वाचलं. त्या थांबल्या, मान हलवली आणि म्हणाल्या, "असं नाही म्हणत ते." आणि स्वतः म्हणून दाखवलं, मधलं एक अक्षर गिळून, शेवट लांबवून. आजोबा असंच म्हणायचे म्हणे. म्हणजे नाव घरात होतं, सत्तर-पंचाहत्तर वर्षं. कुणी त्यांना विचारलं नव्हतं, इतकंच.

ताईने ते रेकॉर्ड करून ठेवलंय. भाची आता ते नाव आजीसारखं म्हणते, आमच्यापैकी कुणालाच जमत नाही.

असो. तुमच्या ओळखीत कुणी बॉस्टनवाला, लिव्हरपूलवाला, मेलबर्नवाला आयरिश माणूस असेल आणि "आमचे सगळे कागद जळाले" म्हणत असेल, तर त्याला हे सांगा. पैसे मागणाऱ्या साइट नंतर, कपाट आधी, आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला फोन त्याच्याही आधी. मी चाललो, चौघांना शोधायचंय.